डोंगरी नाल्यात आलेल्या दगड-चिखलाच्या लोंढ्याचा वेग: पूर ओसरल्यावर खुणांवरून कसा काढायचा

पूर ओसरल्यावर नाल्याचा वेग काढायला निघालेले बहुतेक जण आधी सूत्र उघडतात आणि मग त्यात घालायला आकडे शोधत नाल्यात उतरतात. गडबड तिथेच होते. सूत्रे सगळी दोन ओळींची आहेत आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सुटतात. चुकते ते त्याआधीचे: लोंढा नुसत्या पाण्याचा होता की धोंड्या-चिखलाचा, हे न ठरवता मोजमाप सुरू होते आणि झाडात अडकलेली पहिली काडी दिसली की तीच पूररेषा धरली जाते. मग रपट्याच्या नाहीतर मोरीच्या अंदाजपत्रकात असा वेग जातो, जो त्या नाल्यात कधी आलेलाच नसतो.

हा लेख गाविलगडच्या डोंगररांगेतल्या, म्हणजे मेळघाट-चिखलदऱ्याच्या उतारांवरून आणि अकोला-अमरावतीच्या उत्तर सीमेवरून खाली येणाऱ्या नाल्यांसाठी आहे. बुलढाण्यातल्या अजिंठा रांगेच्या आणि गडचिरोलीतल्या डोंगरांच्या तीव्र उतारांनाही तो लागू पडेल. वर्धा-यवतमाळच्या सपाट वावरांतून जाणाऱ्या नाल्यांना त्यातला फक्त पाण्याच्या पुराचा भाग वापरा.

टप्पा १: जाण्यापूर्वीची तयारी

सोबत घ्यायचे सामान:

- ३० मीटरचा फायबर टेप आणि ५ मीटरचा स्टील टेप
- गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, २० ते २५ मीटर लांब
- ३ मीटरच्या दोन सरळ काठ्या, त्यांवर दर ५ सेंटिमीटरला रंगाचा पट्टा
- ओळंबा, ३० मीटर नायलॉन दोरी, कुदळ
- तेलरंगाचा लहान डबा, ब्रश, मूठभर खिळे
- वही आणि पेन्सिल, कारण ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही

चुन्याने खुणा करू नका, पुढच्या सरीत त्या धुऊन जातात. माणसे तीन लागतात. दोघांत काम होते, पण नळीची दोन टोके सांभाळून वहीत लिहिणे अवघड जाते.

जायचे ते पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत. खोडांवरचा चिखल पुढचा जोरदार पाऊस पुसून टाकतो, पाचोळ्याची रेघ वारा उडवतो, गुरे काठ तुडवतात. पोळा झाल्यावर जाऊन जुलैच्या पुराचा वेग काढायचा म्हटले तर हातात खात्रीची एखादीच खूण लागेल.

धोक्याची सूचना: तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वर पठारावर पाऊस चालू असू शकतो. वरच्या बाजूला ढग काळवंडले, पाणी अचानक गढूळ झाले किंवा वाहते पाणी एकाएकी कमी झाले, तर सामान तिथेच टाकून काठ चढा. पाणी अचानक कमी होणे म्हणजे वर कुठेतरी झाडे-धोंडे अडकून बांध तयार झाला असण्याची शक्यता. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतला नाला असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढा, आणि सकाळी लवकर उतरून दुपारी पाऊस जमण्याआधी वर या.

टप्पा २: लोंढा कशाचा होता, हे आधी ठरवा

पुढची सगळी सूत्रे या एका निर्णयावर अवलंबून आहेत. म्हणून टेप उघडण्याआधी कुदळ चालवा. पुराने टाकलेल्या नव्या थराची बाजू अर्धा मीटर उभी कापा आणि आत काय आहे ते पाहा.

दगड-चिखलाचा खरा लोंढा असेल तर मोठे धोंडे, खडी, रेती आणि चिखल सगळे एकात एक कालवलेले दिसते. मोठा दगड चिखलात तरंगत राहिल्यासारखा असतो, त्याच्या खाली दुसऱ्या दगडाचा आधार नसतो. कधी कधी सर्वांत मोठे धोंडे थराच्या वरच्या भागात असतात. पात्राच्या दोन्ही कडांना धोंड्यांचे लांबट वरंबे उभे राहतात. जिथे लोंढा थांबला तिथे त्याचे तोंड जिभेसारखे पुढे आलेले आणि समोरून चढे असते. झाडांच्या खोडांना वरच्या अंगाने, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूने, चिखलाचा जाड लेप बसतो, साल सोलून निघते, सालीत खडे रुतून बसतात.

पाण्याच्या पुराचे थर याउलट निवडलेले असतात. रेती एकीकडे, गोटे दुसरीकडे, मधे पाचोळ्याची पट्टी. चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले आणि सगळे वरच्या अंगाला उतरते झालेले दिसतात.

या दोन्हींच्या मधलाही एक प्रकार असतो. पाणी भरपूर, रेती-खडी प्रचंड, पण चिखलाने दगड उचलून धरलेले नाहीत. तीव्र उताराच्या नाल्यांत हा प्रकार सहज दिसतो. अशा वेळी दोन्ही पद्धतींनी वेग काढा आणि दोन्ही लिहा.

इथे आपल्या भागातली एक ठरलेली चूक होते. काळ्या मातीच्या वावरांतून आलेले पाणी शाईसारखे काळे आणि दाट दिसते, म्हणून "चिखलाचा लोंढा आला" असे सांगितले जाते. रंगावर जाऊ नका. खऱ्या लोंढ्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त आकारमान दगड-मातीचे असते आणि तो ओल्या काँक्रीटसारखा सरकतो. तसा लोंढा सुटायला मुळाशी साधारण १५ ते २० अंशांहून तीव्र उतार लागतो. वर तसा कडा किंवा घळ नसेल आणि नाला मैलभर सपाटीतून आला असेल, तर तो पाण्याचाच पूर समजा.

तपासणी: एकाच जागेच्या कापावरून निर्णय घेऊ नका. वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी कापा. लोंढ्यामागून बराच वेळ पातळ पाणी वाहते आणि वरचा थर धुऊन पाण्याच्या पुरासारखा करून ठेवते. वरवर पाहिले तर लोंढा सापडतच नाही.

टप्पा ३: खुणा शोधा आणि त्यांना दर्जा द्या

या टप्प्याला घाई केली की पुढचे सगळे पाण्यात. किमान शंभर मीटर लांबीत, दोन्ही काठांवर, जितक्या खुणा सापडतील तितक्या शोधा, प्रत्येकीला क्रमांक द्या आणि तेलरंगाने रेघ मारा. मग प्रत्येकीसमोर दर्जा लिहा:

- पक्की: खडकावर किंवा जाड खोडावर चिखलाची सलग, स्पष्ट वरची कड. चूक ५ ते १० सेंटिमीटर.
- बरी: काठावर पाचोळा, काड्या, पऱ्हाटीची सलग आडवी रेघ. चूक १५ ते २० सेंटिमीटर.
- कच्ची: झुडपात किंवा बांबूत अडकलेला कचरा, सुटे शिंतोडे, वाकलेले गवत. आकडेमोडीत घेऊ नका.

बांबूची खूण कच्ची का? पुरात बांबू आणि कोवळी झाडे आडवी होतात. कचरा त्या वाकलेल्या अवस्थेत अडकतो, पाणी ओसरल्यावर बांबू सरळ उभा राहतो आणि कचरा एक-दीड मीटर वर चढतो. मेळघाटातल्या नाल्यांत सगळ्यांत नजरेत भरणारी खूण हीच, आणि सगळ्यांत फसवीही हीच. मनगटापेक्षा बारीक खोडावरची खूण घेऊच नका.

शिंतोडे ओळखायची रीत सोपी आहे. त्यांचे ठिपके सुटे असतात आणि वरच्या बाजूला ते विरळ होत जातात. प्रवाहाच्या पातळीची कड सलग असते आणि तिच्याखाली लेप अखंड असतो.

आणखी एक अडचण लोंढ्यांचीच. दगड-चिखलाचा लोंढा बहुधा एकच नसतो, काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक लाटा येतात. बाहेरच्या काठावरची सर्वांत उंच खूण पहिल्या लाटेची आणि आतल्या काठावरची तिसऱ्या लाटेची असू शकते. दोन्ही खुणांतल्या चिखलाचा रंग आणि त्यातल्या खड्यांचा आकार सारखा आहे का ते पाहा. नसेल तर ती जोडी सोडून द्या.

तपासणी, जिला आम्ही शून्य तपासणी म्हणतो: वळणाच्या वरच्या अंगाला नाल्याचा सरळ भाग शोधा आणि तिथे समोरासमोरच्या दोन काठांवरच्या खुणांची उंची नळीने ताडून पाहा. सरळ भागात दोन्ही सारख्या यायला हव्यात. तिथे २० सेंटिमीटरचा फरक आला, तर तुमच्या खुणांची खरी चूक तेवढी आहे असे समजा आणि पुढे सगळीकडे तीच धरा. अर्धा मीटर फरक आला तर खुणा पुन्हा शोधा.

टप्पा ४: वळण निवडा

लोंढा वळणावर बाहेरच्या काठाला चढतो. भरधाव बैलगाडी वळवली की बाहेरच्या बाजूला कलंडते, तेच इथे होते. बाहेरच्या आणि आतल्या काठावरच्या खुणांच्या उंचीत जो फरक पडतो, त्यावरून वेग निघतो. दगड-चिखलाच्या लोंढ्यासाठी ही पद्धत पहिली वापरा, कारण तिच्यात पात्राच्या खडबडीतपणाचा अंदाज बांधावा लागत नाही.

चांगल्या वळणात काय हवे:

- दोन्ही काठ खडकाचे किंवा घट्ट, पुरात न ढासळलेले
- रुंदी साधारण एकसारखी, मधे अडकलेला मोठा धोंडा किंवा झाड नाही
- जवळपास दुसरा नाला मिळत नाही
- वळणाची त्रिज्या रुंदीच्या निदान दोन-तीन पट. त्याहून तंग वळणात लोंढा काठावर आदळून उसळतो आणि वेग फुगून येतो.
- काठांतला फरक खुणांच्या चुकीच्या निदान तिप्पट. चूक २० सेंटिमीटर आणि फरक ३० असेल तर ते वळण उपयोगाचे नाही.

बाहेरच्या काठावरून लोंढा वावरात सांडला असेल, तर मोजलेला फरक खऱ्यापेक्षा कमी येतो. अशा ठिकाणचा वेग "किमान" म्हणून लिहा.

शक्य असेल तर दोन किंवा तीन वळणे घ्या. एका वळणावरच्या आकड्यावर विसंबून रपट्याची उंची ठरवू नये.

टप्पा ५: वळणावरची तीन मापे

अ. रुंदी. लोंढ्याच्या पृष्ठभागाची, खुणेच्या पातळीला, प्रवाहाला काटकोनात आणि आडवी. तळाची रुंदी घेणे ही नेहमीची चूक. टेप उतरता धरला तर रुंदी जास्त भरते, म्हणून एका टोकाला ओळंबा सोडून टेप आडवा करा.

आ. उंचीतला फरक. नळी बादलीतून तोंडाने ओढून भरा. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, उन्हात धरून पूर्ण लांबी तपासा. दोन्ही टोके एकत्र धरून पाणी एका रेषेत येते का पाहा. मग एक टोक आतल्या खुणेपाशी, दुसरे बाहेरच्या खुणेपाशी, दोन्ही काठीला लावून धरा. वाचताना अंगठे दोन्ही टोकांवरून काढलेले असले पाहिजेत. एक जरी अंगठा राहिला तरी वाचन खोटे, आणि निम्म्या चुका याच कारणाने होतात. आतल्या खुणेपासून पाणी १.४५ मीटर वर आणि बाहेरच्या खुणेपासून ०.३५ मीटर वर असेल, तर फरक १.१० मीटर.

दोन्ही खुणा एकाच आडव्या छेदातल्या हव्यात. बाहेरची खूण पाच मीटर वरची आणि आतली पाच मीटर खालची घेतली, तर १ ला ८ उताराच्या नाल्यात नुसत्या उतारामुळेच सव्वा मीटर फरक पडतो. म्हणजे तुम्ही वेग नव्हे, उतार मोजलात.

इ. वळणाची त्रिज्या. पुराच्या वेळच्या पूर्ण पात्राची मध्यरेषा घ्या. उन्हाळ्यात जी बारीक धार वाहते ती पात्रातल्या पात्रात नागमोडी असते, तिचे वळण लोंढ्याचे नव्हे. मध्यरेषेवर दोन खुंट्या रोवा आणि मधे दोरी ताणा. ही झाली जीवा. दोरीच्या मध्यापासून मध्यरेषेपर्यंतचे काटकोनातले अंतर मोजा.

त्रिज्या = जीवा² ÷ (८ × मधले अंतर) + मधले अंतर ÷ २

जीवा २४ मीटर, मधले अंतर २.७ मीटर: ५७६ ÷ २१.६ = २६.७, अधिक १.३५, म्हणजे २८ मीटर.

तपासणी: हेच १६ मीटरच्या जीवेने पुन्हा करा. दोन त्रिज्यांत पाव भागाहून जास्त फरक असेल तर वळण गोलाकार नाही. छेदाच्या जवळची, लहान जीवेची त्रिज्या घ्या. उपग्रहाच्या चित्रावरून त्रिज्या काढायची तर पात्र उघडे दिसले पाहिजे. पावसाळ्यात सागाच्या पानांआड नाला कुठे वळतो ते कळत नाही.

टप्पा ६: वेग काढा

वेग = √( ९.८१ × त्रिज्या × फरक ÷ (क × रुंदी) )

मापे मीटरमध्ये, वेग सेकंदाला मीटर. उतार १५ अंशांहून जास्त असेल तर ९.८१ ला उताराच्या कोसाइनने गुणा. त्याखाली फरक इतका किरकोळ पडतो की सोडून दिला तरी चालेल.

'क' हा सुधारक. नुसते पाणी असेल तर १. दगड-चिखलाचा लोंढा पाण्यासारखा मोकळा वळत नाही, त्याच्या आत घर्षण असते, म्हणून त्याच वेगाला तो काठावर जास्त चढतो. दाट, धोंडेबहुल लोंढ्यांसाठी २.५ च्या आसपासचा आकडा बराच वापरला जातो, काही जण ५ पर्यंत जातात. एकच 'क' निवडून खात्रीने वेग सांगता येत नाही. १ ने वरची मर्यादा काढा, २.५ ने खालची.

उदाहरण: रुंदी ९ मीटर, त्रिज्या २८ मीटर, फरक १.१ मीटर.

- क = १: ९.८१ × २८ × १.१ ÷ ९ = ३३.६, त्याचे वर्गमूळ ५.८ मीटर प्रति सेकंद
- क = २.५: ३.७ मीटर प्रति सेकंद
- क = ५: २.६ मीटर प्रति सेकंद

सूत्रात वर्गमूळ आहे, हे मापे घेणाऱ्याच्या फायद्याचे. फरकात २० टक्के चूक झाली तरी वेगात सुमारे १० टक्केच येते. पण म्हणून ५.७९ असे दोन दशांश लिहू नका, मोजमाप तेवढे बारीक नसते.

हेच सूत्र उलटे चालवले तर ऐकीव आकडे तपासता येतात. पूर पाहिलेला एखादा सांगतो की लोंढा ताशी ६५ किलोमीटरने आला. ते झाले सेकंदाला १८ मीटर. वरच्या वळणावर तेवढ्या वेगाने लोंढा आला असता, तर क = १ धरूनही बाहेरचा काठ आतल्यापेक्षा साडेदहा मीटर वरपर्यंत माखला असता. काठ तेवढा उंच नसेल आणि लोंढा बाहेर सांडलाही नसेल, तर तो आकडा भीतीचा आहे.

टप्पा ७: झाडावर किंवा खडकावर चढलेल्या खुणेवरून पडताळा

लोंढ्याच्या वाटेत उभा जाड वृक्ष किंवा खडक असेल, तर वरच्या अंगाला लोंढा आदळून चढतो. ती खूण आणि त्याच झाडाच्या बाजूची खूण यांच्यातली उंची मोजा.

वेग = √( २ × ९.८१ × चढ )

चढ ०.८ मीटर असेल तर वेग ४ मीटर प्रति सेकंद. नाल्याकाठचा जुना अर्जुन यासाठी उत्तम, त्याच्या फिक्या, गुळगुळीत सालीवर चिखलाची कड ठळक दिसते. झाडाच्या पायाशी ओंडके-धोंड्यांचा ढीग साचला असेल तर ते झाड सोडा, कारण लोंढा ढिगावरून चढलेला असतो. खूण तळापासून मोजली तर वेग भलताच वाढतो. चढ मोजायचा तो बाजूच्या पातळीपासून.

टप्पा ८: धोंड्यांवरून वेग, आणि इथेच जपून

"एवढा मोठा धोंडा वाहून आला, म्हणजे वेग केवढा असेल" हा विचार सगळ्यांनाच सुचतो. पाण्याच्या पुरासाठी त्याचे एक उपयोगी सूत्र आहे:

वेग = ०.१८ × व्यास^०.४८७

व्यास मिलिमीटरमध्ये, सर्वांत मोठ्या पाच दगडांच्या मधल्या अक्षाची सरासरी, म्हणजे लांबी किंवा जाडी नव्हे तर मधले माप. ५ सेंटिमीटर ते सुमारे ३ मीटर आकारापर्यंत ते चालते. ५०० मिलिमीटरला ३.७, १००० मिलिमीटरला ५.२ मीटर प्रति सेकंद.

दोन ठिकाणी ते फसते. पहिले म्हणजे दगड-चिखलाच्या लोंढ्याला ते लावायचेच नाही. दाट चिखल दगडाला उचलून धरतो, त्यामुळे सावकाश लोंढाही मोठा धोंडा नेतो.

दुसरे आपल्या काळ्या दगडाचे. बेसाल्ट जागच्या जागी कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आणि आत गोल, गुळगुळीत गाभा उरतो. काठावरचा मुरूम ढासळला की हे गोल धोंडे नाल्यात पडतात. ते वाहून आल्यासारखे दिसतात, पण दहा मीटरही सरकलेले नसतात. धोंडा मोजण्याआधी काठात तसेच गाभे रुतलेले आहेत का ते पाहा. असतील तर तो धोंडा मोजू नका. खात्रीचा धोंडा तोच, ज्याच्या खाली ताजी पाने, पऱ्हाटी किंवा प्लास्टिक दबलेले आहे, किंवा ज्यावर ताजे ओरखडे आहेत आणि शेवाळ खालच्या बाजूला गेलेले आहे.

टप्पा ९: उतार आणि खोलीवरून वेग

वळण मिळाले नाही तर, किंवा पाण्याच्या पुरासाठी, मॅनिंगचे सूत्र:

वेग = (जलत्रिज्या^२/३ × उतार^१/२) ÷ न

'न' हा पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा. जलत्रिज्या म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ भागिले ओल्या कडेची लांबी. उतार अपूर्णांकात: १ ला ८ म्हणजे ०.१२५, म्हणजे १२.५ टक्के, म्हणजे ७.१ अंश. टक्के आणि अंश यांची सरमिसळ इतकी होते की वहीत तिन्ही लिहायची सवय लावा. मोबाइलचा कोनमापक एक अंशाने चुकू शकतो. २ अंशांच्या उतारावर ती चूक उताराच्या निम्म्याएवढी होते, म्हणून मंद उतार नळीने आणि निदान ५० मीटर लांबीवर मोजा. पाण्याच्या पुराला तळाचा नव्हे, पूरखुणांच्या रेषेचा उतार घ्या.

खरी मारामारी 'न' वर होते. पुस्तकातल्या तक्त्यातून ०.०३५ उचलला जातो, तो मैदानी नाल्याचा. धोंड्यांनी भरलेल्या पात्राला ०.०४ ते ०.०७ लागतो, तीव्र उताराला त्याहूनही जास्त. ०.००२ ते ०.०४ उताराच्या डोंगरी नाल्यांसाठी हे सूत्र वापरा:

न = ०.३२ × उतार^०.३८ × जलत्रिज्या^−०.१६

उतार ०.०३, जलत्रिज्या ०.९ मीटर असेल तर न ०.०८६ आणि वेग १.९ मीटर प्रति सेकंद. त्याच मापांना ०.०३५ लावला तर ४.६. अडीच पटीचा फरक, फक्त एका आकड्यामुळे.

तपासणी: वेग ÷ √(९.८१ × सरासरी खोली) काढा. पाण्याच्या पुराला धोंडाळ पात्रात हा आकडा लांब पट्ट्यावर सतत १ च्या बराच वर राहणे दुर्मीळ. खोली १ मीटर धरली तर ४.६ च्या वेगाला तो १.५ येतो, १.९ ला ०.६. कुठला वेग ठेवायचा ते स्पष्ट आहे.

दगड-चिखलाच्या लोंढ्याला जलत्रिज्येऐवजी खोली आणि न ०.१ च्या आसपास धरून ढोबळ अंदाज घेता येतो. टप्पा ६ च्या वळणापाशी खोली १.६ मीटर आणि उतार ०.१२५ असेल, तर वेग ४.८. वळणाच्या ३.७ ते ५.८ मध्ये तो बसतो, म्हणून तिथल्या मापांवर भरवसा ठेवता येतो. बसला नसता तर आधी खोली तपासायची. लोंढ्यामागचे पाणी तळ खरवडते, आणि आज दिसणारी खोली लोंढ्याच्या वेळेपेक्षा अर्धा-एक मीटर जास्त असू शकते.

टप्पा १०: कुणी व्हिडिओ काढला असेल तर

गावात विचारा, हल्ली कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतोच. मूळ फाइल मागा. फॉरवर्ड होऊन आलेला व्हिडिओ दाबलेला असतो, आणि रील बनवताना वेग बदललेला असतो. त्यात दिसणारे दोन पक्के बिंदू निवडा, एखादा खांब आणि एखादा खडक, आणि जागेवर जाऊन प्रवाहाच्या दिशेने त्यांच्यातले अंतर टेपने मोजा. लोंढ्याचे तोंड एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती सेकंद लागले ते फ्रेम मोजून काढा. २४ मीटर ५.२ सेकंदांत म्हणजे ४.६ मीटर प्रति सेकंद.

हा तोंडाचा वेग. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यावरून मोजला तर तो पृष्ठभागाचा असतो, सरासरीसाठी ०.८५ ने गुणा. कॅमेरा तिरका धरलेला असेल तर काठाजवळचा बिंदू आणि मधल्या प्रवाहातला ओंडका एका रेषेत दिसतात, पण प्रत्यक्षात नसतात. असा व्हिडिओ फक्त पडताळ्यासाठी ठेवा.

चालू लोंढ्याचा वेग काठावर उभे राहून मोजायला जाऊ नका.

टप्पा ११: वहीत काय लिहायचे

एक आकडा नको, पट्टा लिहा आणि तो कसा आला तेही. आपल्या उदाहरणात फरक १.१ मीटर, चूक ०.२ मीटर. क = २.५ आणि फरक ०.९ धरला तर ३.३, क = १ आणि फरक १.३ धरला तर ६.३. झाड ४.० म्हणते, उतार ४.८, व्हिडिओ ४.६. मग नोंद अशी होते:

"वळण क्र. २. प्रवाह: दगड-चिखलाचा लोंढा, तीन कापांवरून. रुंदी ९.०, त्रिज्या २८ (जीवा २४, मधले अंतर २.७), फरक १.१, चूक ०.२, शून्य तपासणीवरून. खुणा क्र. ७ पक्की, क्र. १२ बरी. वेग सेकंदाला ३ ते ६ मीटर, बहुधा ४ ते ५. क १ ते २.५."

रपटा किंवा मोरीच्या कामासाठी पट्ट्याचे वरचे टोक द्या, आणि ते वरचे आहे हे लिहून द्या. सरासरी देऊ नका, कारण लोंढ्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो: ४ ऐवजी ६ म्हणजे सव्वादोन पट मार.

प्रत्येक खुणेचे दोन फोटो घ्या, एक काठीसकट जवळून, एक दुरून. निघण्यापूर्वी खडकावरच्या दोन पक्क्या खुणांना तेलरंगाने तारखेसह क्रमांक टाका आणि शेजारी एक खिळा ठोका. पुढच्या पावसाळ्यात लोंढा आला तर उंची त्या खिळ्यापासून मोजता येईल.